भिंतीतला नळ

निपाणीला माझी थोरली बहीण दिली आहे. त्यामुळे वर्षातून एकदा तरी जाताना आंबोलीचा घाट आणि येताना चोर्ल्याचा, असा माझा फेरा होतो. सरकारी कारकुनाला दुसरा प्रवास तो कुठला! तर गेल्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. "अरे, चावीला तांबडं पाणी येतंय." तीस वर्षांत ताईची भाषा पुरती निपाणीची झाली आहे. तिकडे कोल्हापूरसारखेच नळाच्या तोटीला चावी म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा कुलपाच्या चावीचा आणि पाण्याचा संबंध काय, असा प्रश्न मला पडला होता.

तांबडे पाणी ही काही नवी गोष्ट नव्हती. सकाळची पहिली बादली गढूळ यायची, ती झाडांना घालायची, हा त्या घरचा नित्यनेम होता. पण यावेळी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. दोन महिन्यांनी त्याच न्हाणीत तान्ह्या बाळाला आंघोळ घालायची होती. शिवाय पाण्याला नुसता गंजाचा रंगच नव्हता, अधूनमधून वासही येऊ लागला होता. ताईची काळजी खरी होती.

आधी घराविषयी सांगायला हवे. निपाणी ही तंबाखूची पेठ. ताईचे सासरचे घर त्या व्यापाराच्या भरभराटीच्या दिवसांत बांधलेले, जवळजवळ शंभर वर्षांचे. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात रुंद. आमच्याकडे गोव्यात भिंत चिऱ्याची असते. चिऱ्यात छिन्नीने चर पाडला तर तेवढाच चर पडतो, बाकीचा चिरा मख्खपणे उभा राहतो. पांढऱ्या मातीचे तसे नाही. हातोडीचा ठोका इथे आणि ढेकूळ निसटते दोन हातांवरून. त्यातून देवघर आणि न्हाणी यांच्या मधल्या भिंतीवर माडीची तुळई टेकलेली आणि नेमक्या त्याच भिंतीत नळ गाडलेला. १९७४ साली ताईच्या सासऱ्यांनी हौसेने घरात पाणी घेतले, तेव्हा गवंड्याने चर खणून लोखंडी नळ आत घातला आणि वरून लिंपून टाकले.

पहिला प्लंबर आला, त्याने भिंतीवर बोटे वाजवली आणि सांगितले, "सगळं फोडायला लागंल." सासूबाईंचे वय ब्याऐंशी. त्या नुसत्या म्हणाल्या, "मग मला आधी बाहेर काढा."

इथे मी थोडा मागे जातो, कारण आमच्यासारख्या इतिहासवेड्याला नळ दिसला की त्याच्या पूर्वजांची आठवण होते. नळाने पाणी आणणे आपल्या भागाला नवे नाही. शेजारच्या विजापुरात आदिलशाहीच्या काळात तोरवीकडून आणि बेगम तलावातून (हा तलाव १६५१ चा) शहरात पाणी खेळवले होते. मातीचे भाजलेले नळ, भोवती चुन्याचे पक्के कवच, आणि वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे. या मनोऱ्यांना गंज म्हणतात. आमच्या विषयात हा शब्द यावा हा योगायोग, लोखंडावरच्या गंजाशी त्याचा संबंध नाही! या मनोऱ्यांत पाण्याचा दाब कमी होई, गाळ खाली बसे आणि तो काढता येई. पुण्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणले, त्या भुयारी मार्गावरही अंतराअंतरावर उच्छ्वास ठेवलेले आहेत. तिथून माणूस आत उतरून साफसफाई करू शके. पाणी शेवटी हौदात येई आणि हौदातून घागरीने घरात.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, जिथे बिघाड होणार तिथे हात पोचेल अशी सोय बांधणाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती. घराच्या भिंतीत पाणी शिरले नव्हते. ते शिरले विसाव्या शतकात, लोखंडी नळाबरोबर. आणि सुरुवातीला तर हा नळही भिंतीबाहेरच असे. पणजीतल्या जुन्या सरकारी चाळीवजा क्वार्टर्सच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा, नळांच्या उभ्या-आडव्या रांगा भिंतीवर उघड्या दिसतील. दिसायला कुरूप, पण गळला की कुठे गळतो ते पोरालाही कळते. पुढे नळ दिसणे गावंढळपणाचे वाटू लागले आणि तो भिंतीत गेला.

लोखंडी नळ लवकर सडू नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देतात. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या या पद्धतीचे पेटंट सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ मध्ये घेतले. जस्त आधी स्वतः झिजते आणि तोवर लोखंडाला वाचवते. आपण ज्याला जीआय पाइप म्हणतो तो हाच. हलक्या नळावर पिवळा पट्टा, मध्यमावर निळा, जाड नळावर लाल, हे दुकानदार तुम्हाला सांगेल. पण जस्त संपल्यावर पट्टा कुठलाही असो, लोखंड गंजणारच. आतून गंजाच्या गाठी धरतात. इंचाच्या नळात करंगळीएवढी वाट उरते.

मात्र निपाणी-बेळगावकडचे नळ एवढे का सडले, याचे उत्तर नुसत्या वयात नाही. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. सदैव भरलेल्या नळात ताजी हवा फारशी पोचत नाही. दिवसाआड, तीन दिवसांआड, उन्हाळ्यात आठवड्याने पाणी सुटणाऱ्या गावात मात्र नळ भरतो, रिकामा होतो, ओल्या भिंतींनी हवा खातो, पुन्हा भरतो. पाणी सुटताना धडाक्याने येते आणि सुटे झालेले पापुद्रे घेऊन येते. सकाळची तांबडी बादली ती हीच. म्हणजे नळ पाण्याने जितका खाल्ला, त्याहून जास्त पाणी नसलेल्या दिवसांनी खाल्ला.

आणि वासाचे कारण याहून वाईट. नळ रिकामा होताना आत ओढ निर्माण होते. टाचणीएवढे भोक असले तरी त्यातून बाहेरची ओल आत खेचली जाते. ताईकडे रस्त्यावरून आत येणारा नळ न्हाणीच्या मोरीखालून जातो, एवढे सांगितले की पुरे. हुबळी-धारवाडमध्ये कुम्पेल आणि नेल्सन या संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या नळांचे पाणी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांच्या जवळजवळ ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय हा मैल्याची खूण सांगणारा जंतू सापडला. चोवीस तास पाणी असलेल्या नळांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते.

हा चोवीस तासांचा प्रयोग बेळगावातही झाला, तो आपल्या गोव्यातल्या वाचकांनी समजून घेण्यासारखा आहे. (बेळगाव आणि पाणी म्हटले की आपल्याला फक्त म्हादई आठवते, आणि ते साहजिकही आहे. पण बेळगाव शहर आज पिते ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचे आणि घटप्रभेवरच्या हिडकलचे पाणी.) जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांतल्या काही प्रभागांत २००८ पासून अखंड पाणी सुरू झाले. तिथे जुने नळ ठिगळे लावून दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता नवे प्लास्टिकचे जाळे टाकले आणि घरोघर मीटर बसवले. पण मीटरच्या अलीकडचा नळ घरमालकाचा!

भावोजींचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्या प्रभागांपैकी एकात राहतात. त्यांच्या घरचा आतला नळही १९७४ च्याच सुमाराचा. अखंड पाणी आले म्हणून पेढे वाटले आणि महिन्याभरात माजघराची भिंत ओली झाली. चौतीस वर्षे दिवसाआड पाणी झेललेला नळ सततचा दाब सोसू शकला नाही. आधी गळती होतच होती, पण दिवसातून तासभर. ती मातीत मुरून जायची. आता मीटरने ती मोजून दाखवली. दादांनी भिंत फोडली, माजघराचा कोपरा खचला, आणि दुरुस्तीचा खर्च नळाच्या खर्चाच्या कितीतरी पट झाला. ताईने विचारले तेव्हा दादांचे एकच सांगणे होते, "भिंतीला हात लावू नका."

मग भिंत न फोडता करायचे काय? मी पणजीला बसून वाचायला सुरुवात केली. (कार्यालयीन वेळेनंतर, हे नोंदवून ठेवतो.) लंडनच्या हॅकनी भागात १९७१ मध्ये एरिक वूड या इंजिनिअरने जुन्या विटांच्या गटारात राळेत भिजवलेली नमद्याची लांबलचक पिशवी घालून ती आत फुगवली आणि तिथेच कडक होऊ दिली. जुन्या गटाराच्या पोटात नवा नळ तयार झाला आणि रस्ता खणावा लागला नाही. पुढे ही कल्पना जगभर गेली. घरातल्या बारीक नळांसाठी दुसरी युक्ती निघाली. नळ गरम हवेने सुकवायचा, दाबाच्या हवेबरोबर खरखरीत वाळूसारखी भुकटी सोडून गंज खरवडायचा, आणि मग इपॉक्सी राळ फुंकून आतून अस्तर चढवायचे.

मी उत्साहाने हे भावोजींना फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "नळ आधीच चाळण झाला असेल तर?" प्रश्न बिनतोड होता. अस्तर चढवायला खाली कापड तरी शाबूत लागते. पन्नास वर्षांच्या नळात दाबाने भुकटी सोडली तर गाठींबरोबर उरलेला पत्राही जायचा. तिकडेही ही पद्धत नळात अजून जीव असेल तरच वापरतात. पिण्याच्या पाण्यात राळेतली काही द्रव्ये उतरतात का, याचीही चर्चा आहे. आणि निपाणीत ते यंत्र घेऊन येणार कोण?

शेवटी दादांच्या ओळखीचा एक वयस्कर मेस्त्री आला. मराठी, कानडी, उर्दू तिन्ही एकाच वाक्यात बोलणारा, सीमाभागाचा खरा नागरिक. त्याने भिंत वाजवली नाही. दोन्ही टोकांचे जोड उघडले, बॅटरी मारून आत पाहिले आणि म्हणाला, "भिताड कशाला फोडतासा? पाइप तिथंच मरू द्या की."

रस्त्याकडून येणाऱ्या नळाला तीन एल्बो होते. त्यात काही घालणे शक्य नव्हते. तो त्याने दोन्ही टोकांना डमी मारून बंद केला आणि नवा सीपीव्हीसीचा नळ मोरीपासून लांब, सोप्याच्या भिंतीवरून क्लॅम्प मारत उघडा नेला. राहिला माडीवरच्या टाकीतून न्हाणीत उतरणारा उभा नळ. तो बाहेरून नेला तर देवघरातून न्यावा लागला असता, आणि देवाच्या डोक्यावरून नळ सासूबाईंना चालणार नव्हता. तो नळ इंची होता, बारा फूट, आणि मधे एकही वळण नव्हते. मेस्त्रीने सळईला तारेचा ब्रश बांधून वरून दोन तास घासले. खाली परातभर गंज पडला. मग वायरमन वापरतात ती लवचिक तार खाली सोडली, तिला अर्ध्या इंचाचा वाकणारा प्लास्टिकचा नळ बांधला आणि हळूहळू वर ओढून घेतला. जुना नळ नुसता म्यान झाला. आता त्याला भोके असली तरी पाण्याशी त्याचा संबंध राहिला नाही.

मी त्याला हॅकनीची गोष्ट सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि चहा मागितला.

नळ बारीक झाल्याने धार थोडी कमी झाली, हे मान्य करायला हवे. बादली भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. पण दोन्ही टोकांच्या जोडांना त्याने रात्री वर्तमानपत्राचा कोरडा कागद गुंडाळून ठेवला होता, तो सकाळी कोरडाच निघाला आणि पहिली बादली पांढरी स्वच्छ आली. ताईने सवयीने ती झाडांना घातली. भाची ठरल्या दिवशी आली. सोप्यातला उघडा नळ पाहून तिने नाक मुरडले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दिसतोय ते बरं आहे."

निघण्याआधी माझ्यातल्या कारकुनाने एक काम केले. फुलस्केप कागदावर घराचा नकाशा काढला. जुना नळ कुठून कुठे जातो, जमिनीपासून किती फुटांवर, डमी कुठे, कुठला भाग मेलेला आणि कुठल्या भागात नवा नळ आहे, हे लाल-निळ्या पेन्सिलीने लिहिले. खाली तारीख घातली. उद्या कोणी घड्याळासाठी खिळा ठोकायला गेला तर त्याला कळावे. भावोजींनी तो कागद कानडीत आलेल्या पाणीबिलांच्या फायलीत, सगळ्यात वर लावून ठेवला.