कुत्र्या-मांजराच्या खाण्याचा सल्ला कोणाकडे घ्यायचा? जाताना काय न्यायचं?

कोळगाव : कुत्र्याचे केस गळतायत, पिल्लाचे पाय वाकायला लागलेत, मांजर जेवत नाही. असं झालं की बरेच जण पालघर-बोईसरच्या दुकानातून खाद्याची दुसरी पिशवी आणतात आणि दुकानदार सांगेल तेवढं घालतात. पण केस गोचिडांमुळे, खरजेमुळेही गळतात. तेव्हा आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, खाद्य मग बदला. आपलं गाव कोणत्या दवाखान्याला जोडलंय ते माहीत नसेल तर कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात पशुसंवर्धन विभागात विचारा.

प्राण्यांचा आहारतज्ज्ञ म्हणजे पशुवैद्यकाची पदवी घेऊन पुढे पशुपोषण विषयात एम.व्ही.एस्सी. केलेला डॉक्टर. असे बरेच जण गुरा-कोंबड्यांच्या खुराकावर काम करतात, म्हणून कुत्र्या-मांजराचं बघता का, हे आधी विचारावं. आपल्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ सालचं. त्याचं एक आवार गोरेगावलाही आहे, त्यामुळे फोन करूनच गाडी पकडा.

जाताना आठवडाभर काय काय घातलं ते वहीत लिहून न्या. चहाबरोबरची बिस्किटं आणि पोरांनी टाकलेलं वडापावसुद्धा लिहा, लाजू नका. खाद्याच्या पिशवीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वजन घरच्या काट्यावर होतं : कुत्र्याला उचलून उभं राहा, मग आपलं एकट्याचं वजन वजा करा. जंताचं औषध कधी दिलं तेही सांगा.

पिल्लाला नुसता भात आणि हाडाशिवायचं मटण घातलं की फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी पडतं. मग शरीर हाडातलंच कॅल्शियम ओढतं. म्हणून मनाने कॅल्शियमची बाटली सुरू करू नका. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं जास्त कॅल्शियमनेही बिघडतात. किती द्यायचं हे वजन आणि वय बघून ठरतं, सल्ल्याची खरी गरज इथेच आहे.

मांजराचं वेगळं. त्याला टॉरिन लागतं आणि ते मांस-मासळीतूनच मिळतं. दूध-भातावर ठेवलेल्या मांजराची नजर आणि हृदय दोन्ही बिघडू शकतात. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर सल्ल्याची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. उपाशी मांजराचं, त्यातही जाड्या मांजराचं, यकृत लवकर धरतं.

आपल्याकडे सुकट, बोंबील सर्रास टाकतात. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असतं, किडनीचा त्रास असलेल्या जनावराला ती नकोच. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली कोंबडीची हाडं तर कोणत्याच कुत्र्याला नकोत.

नवं खाणं ठरलं की जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला, नाहीतर जुलाब लागतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा वजन करून डॉक्टरांना कळवा.