पहिलं वर्ष : घर सुटण्याचा इतिहास



सोलापुरात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की भुईकोट किल्ला, नाहीतर १९३० चा मार्शल लॉ, हे ठरलेलं. आज इथे जुळे सोलापुरात आम्ही जरा वेगळा विषय घेतलाय : कॉलेजचं पहिलं वर्ष आणि त्या वर्षातला मनावरचा ताण. समोर पालक बसलेत, मागच्या रांगांत मुलंही दिसतायत. "आमच्या वेळी नव्हतं बाबा असलं टेन्शन-बिन्शन" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही ते तपासायला बसलो. ते काही खरं निघालं नाही.

टिळकांपासून सुरू करू. आई लहानपणीच गेलेली. १८७२ च्या ऑगस्टमध्ये वडीलही वारले. त्याच वर्षी टिळक मॅट्रिक झाले आणि १८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. वय सोळा, तब्येत किरकोळ. पहिलं वर्ष त्यांनी तालमीत घालवलं आणि वर्षअखेरीच्या परीक्षेत ते नापास झाले. शाळेत ही गोष्ट आपल्याला व्यायामाचं महत्त्व म्हणून सांगतात. आई-वडील गमावलेल्या मुलाचं ते पहिलं वर्ष होतं, हे मात्र राहून जातं. पाठीशी काका होते, म्हणून एक वर्ष गेलं तरी शिक्षण थांबलं नाही. पुढे टिळक पहिल्या वर्गात बी. ए. झाले.

दुसरं उदाहरण गांधीजींचं. १८८८ च्या जानेवारीत ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. वर्गात काही समजेना, लक्ष लागेना. प्राध्यापक चांगलेच होते, कच्चे आपणच होतो, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. एक सत्र झालं आणि ते घरी परत आले. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत उर्दू, शाळेत मराठी, आणि बारावीनंतर एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तकं! हुशार मूलसुद्धा तिथे गप्प होतं. त्या गप्प होण्याला आपण आळस म्हणतो.

मग जुन्या माणसांनी यावर काय केलं? बोर्डिंगं काढली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात पहिलं वसतिगृह सुरू केलं, मग एकेका समाजासाठी अशी वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. फी आणि जेवण हा त्यातला एक भाग झाला. मुलगा रात्री परतला का, जेवला का, हे बघणारं माणूस तिथे होतं. कर्मवीरांच्या बोर्डिंगात तर लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडून मुलांच्या ताटात अन्न वाढलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९४० मध्ये दयानंद कॉलेज सुरू होईपर्यंत इथल्या मॅट्रिक झालेल्या मुलाला पुणे-मुंबई गाठावी लागे. १९५३ मध्ये संगमेश्वर कॉलेज आलं, २००४ मध्ये तर जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ झालं. कॉलेज दाराशी आलं, आता घर कुठे सुटतंय, असं आपल्याला वाटलं. पण सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोटहून येणाऱ्या मुलांचं घर सुटतंच की ओ! ती आपल्याच सोसायट्यांत कॉट बेसिसवर राहतात. डबा दाराला अडकवलेला असतो. भाडं एक तारखेला न चुकता मागितलं जातं. दोन दिवस डबा उघडलाच नाही, हे बघायला मात्र कोणी नसतं. आणि ज्यांचं घर इथेच आहे, ती मुलं तरी घरात कुणाशी बोलतात?

कायदा आता पुढे सरकलाय. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक समुपदेशक असलाच पाहिजे. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीतही. मुलांनो, हा आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. फोन करायला कारण मोठंच असावं लागतं असं नाही.

पालकांना आणि घरमालकांना आमची एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर मार्कांचं विचारू नका. "जेवलास का? झोप लागते का? वर्गात कोणी ओळखीचं झालं का?" एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लवकर येणार नाही ते. शंभर वर्षांपूर्वी बोर्डिंगातली माणसं हेच विचारत होती, आणि मुलं टिकत होती.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून आधी.