शेपटीखालचं चाक

मीरा-भाईंदरवरून रोज उतरणीला लागणारी प्रवासी विमानं चाकं काढतात तेव्हा एक चाकजोडी नाकाखालून येते आणि बाकीची चाकं पंखांजवळून. विमानविद्येच्या पहिल्या तीन-चार दशकांत बहुतेक विमानं अशी नव्हती. दोन चाकं पुढे आणि तिसरा टेकू थेट शेपटीखाली. उभं असलं की नाक आभाळाकडे. वैमानिक त्याला टेलव्हील किंवा टेलड्रॅगर म्हणतात. मुंबईच्या आभाळाशी त्याचं नातं जुनं आहे आणि त्यातला एक मोठा धागा गडहिंग्लज तालुक्यातून निघतो, म्हणून हा मागोवा.

शेपटीखालचा टेकू आला तो जमिनीमुळे. तेव्हा धावपट्टी नव्हतीच, मैदान होतं, तेही गवताचं नि खड्ड्यांचं. नाकाखाली पाय दिला तर तो भक्कम हवा, म्हणजे जड हवा, आणि पहिल्याच खड्ड्यात तो मोडणार. शेपटीला मात्र थोडाच भार सोसायचा असतो. शिवाय नाक वर राहिल्याने पंख्याची पाती जमिनीपासून दूर राहतात. सुरुवातीला तर तिथे चाकही नसे, नुसती पट्टी असे. ती गवतात रुतून घासली जाई आणि तोच ब्रेक. गोल मैदानात वारा जिकडून, तिकडे तोंड करून उतरायचं.

जुहूचं मैदान १९२८ मध्ये सुरू झालं आणि मुंबई फ्लाइंग क्लबही त्याच साली. क्लबची विमानं डी हॅविलँड कंपनीची मॉथ: लाकूड, कापड, दोन उघड्या बैठका. इथेच शिकून जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन निघाले ते पस मॉथमधून. बंद केबिन, वर एकच पंख, शेपटी जमिनीला. अहमदाबादला थांबून जुहूला पोचले. वाटेत वसईची खाडी लागतेच. तेव्हा भाईंदर म्हणजे मिठागरं आणि खाडीवरचा रेल्वेपूल. विमानात रेडिओ नव्हता. त्या काळच्या वैमानिकाला वाट दाखवायला किनारा, खाडी, रूळ हेच होते. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, मग टपाल विमान पुण्याहून चालवावं लागे. तिथून पुढची बरीच वर्षं हलकं विमान म्हटलं की शेपटीवर टेकलेलंच.

आता गडहिंग्लजकडे. विष्णू माधव घाटगे १९०८ साली हसूरचंपू या गावी जन्मले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पंखालगतच्या हवेच्या पातळ थराचं गणित जगाला देणारे ते हेच प्रांट्ल. परत आल्यावर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी विमानं आखली. त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. तेही टेलव्हील, हवाई दलाच्या शिकाऊ पोरांसाठी. मग क्लबांसाठी पुष्पक आलं. त्याचं पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ चं. अमेरिकेच्या एरोन्का चीफ या विमानावर ते बेतलेलं: शेजारी शेजारी दोन बैठका, वर पंख, कापडाचं आवरण, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. अशी सुमारे १६० बनली. घाटग्यांचं नाव महाराष्ट्रात आज किती जणांना ठाऊक आहे? लढाऊ विमानांच्या कौतुकात हे साधं क्लबचं विमान झाकोळून गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्वतंत्र भारतातल्या कितीतरी वैमानिकांची पहिली घिरटी पुष्पकमधली आहे. हरियाणातल्या कर्नालच्या क्लबमध्येही पुष्पक होतं. त्याच गावची कल्पना चावला पुढे अंतराळात गेली. तिच्या नासाच्या परिचयात छंद म्हणून टेलव्हील विमानं उडवणं नोंदलेलं आहे.

पुष्पक ताशी १३५-१४० किलोमीटरने जातं. जुहूहून भाईंदर सरळ रेषेत बावीस-तेवीस किलोमीटर, म्हणजे दहा मिनिटं. ती दहा मिनिटं सोपी. कठीण असतं ते आधीचं आणि नंतरचं अर्धं मिनिट. इंजिन सुरू करायला एक जण पंख्यासमोर उभा राहतो. आतून ‘काँटॅक्ट’ म्हटल्यावर तो हाताने पातं खाली ओढतो आणि लगेच मागे सरतो. थ्रॉटल पुढे ढकलला की विमान डावीकडे वळू पाहतं, उजवा पाय रडरवर हवा. शेपटी उचलली की समोरचं दिसू लागतं. तोवर नाकच आडवं असतं. ब्रिटिश जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा उलटा फिरतो, म्हणून टायगर मॉथ उजवीकडे ओढतं. एका विमानाची सवय दुसऱ्यात नेणाऱ्याचे पाय तिथेच चुकतात.

उतरणं याहून अवघड. हातगाडी मागून ढकलली की तोंड फिरवू पाहते, ओढली की निमूट मागे येते. इथेही वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणजे गाडी कायम ढकललेलीच. जरा तिरकं टेकलं आणि पाय झोपले, तर शेपटी पुढे यायला धावते, विमान गिरकी घेतं आणि पंखाचं टोक जमिनीला लागतं. म्हणून जमिनीलगत कंट्रोल हळूहळू मागे ओढत वेग मारायचा, तिन्ही चाकं एकदम टेकवायची आणि विमान पुरतं थांबेपर्यंत पाय हलते ठेवायचे.

नाकाखालचं चाक जिंकलं तेही जमिनीमुळेच. मैदानांच्या धावपट्ट्या झाल्या. डांबर सरळ आणि सपाट, पण वारा आडवा आला तरी उतरायचं त्याच दिशेने. जेटची धग मागे जमिनीला लागायला नको. शिवाय नाकाखाली चाक असलं की विमान आपसूक सरळ धावतं. सेसना १७२ आलं, मग १५० आणि १५२. क्लबांनी तीच घेतली, आणि अर्थकारण पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण शेपटीच्या चाकासोबत पायांची ती शिकवणही गेली, आणि तिची भरपाई झाली असं मला वाटत नाही.

आज कोणाला असं विमान घ्यायचंच असेल, तर रंगाला भुलू नये. उभं असताना शेपटी खाली असते, म्हणून आत शिरलेलं पाणी उताराने तिथेच साचतं आणि पोलादी नळ्यांचा गंज तिथूनच सुरू होतो. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तर नक्कीच. शेपटीकडचं कापड उघडून खालच्या नळ्या टोकरून बघाव्यात. कापडाची ताकद तपासून घ्यावी, आणि पंखातला कणा लाकडाचा असेल तर चीर शोधावी. इंजिन दुरुस्त होतं, सुटे भागही निघतात. गंजलेला सांगाडा मात्र नव्याने जोडावा लागतो. आणि विमानाच्याही आधी शिकवणारा शोधावा. पुष्पकवर विद्यार्थी तयार केलेले प्रशिक्षक आता बरेच वयस्क आहेत. त्यांच्या शेजारी बसून एक मोसम घालवता आला, तर ते आत्ताच करायला हवं.