छिद्र सीमेवर असेपर्यंत

साल १९५७. न्यूयॉर्क राज्यात, मोहॉक नदीच्या काठी जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. शेजारी इथले संशोधक रॉबर्ट कोबल. तुमच्या हातात अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची) भुकटी दाबून केलेली चकती आहे: पांढरीफटक, ठिसूळ. जपून धरा, बोटांना पूड लागतेय.

भट्टीत हायड्रोजन, तापमान १७०० अंशांच्या वर. अ‍ॅल्युमिना वितळायला दोन हजारांच्या पुढे जावं लागतं, म्हणजे इथे काही वितळणार नाही. तरी चकती आकसणार. बारीक भुकटीचा पृष्ठभाग अफाट असतो आणि त्यात ऊर्जा अडकलेली असते. कण जुळले की पृष्ठभाग जातो, त्याजागी कणसीमा येते. तीही फुकटची नाही, पण स्वस्त पडते. ती जितकी स्वस्त, तितका छिद्राच्या कडेचा कोन मोठा आणि छिद्र बुजणं सोपं.

आता अणूएवढे व्हा आणि चकतीत शिरा. समोर छिद्र आहे, पायाखाली कणसीमा. सीमेवरून अणू सरकत छिद्रात पडताहेत, छिद्र लहान होतंय. तेवढ्यात सीमाच हलते! तिलाही आपली ऊर्जा कमी करायची आहे. मोठे कण लहानांना गिळत सुटले आहेत. सीमा पुढे निघून गेली, छिद्र कणाच्या पोटात अडकलं. आता अणूंना सबंध स्फटिकातून वाट काढावी लागेल, आणि ते काम भयंकर संथ. अशी छिद्रं उजेड विखुरतात, म्हणून भाजलेली अ‍ॅल्युमिना पांढरी आणि अपारदर्शक दिसते.

कोबल भुकटीत मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) मिसळतात, पाव टक्का, पिठात मीठ घालावं इतकाच. सीमांची धाव मंदावते, छिद्रं बुजेपर्यंत त्या जागा सोडत नाहीत. मॅग्नेशिया हे नेमकं कसं साधतं, यावर संशोधक पुढे कित्येक वर्षं भांडणार आहेत. तुम्ही त्यात पडू नका. नवी चकती छापील कागदावर ठेवा. अक्षरं वाचता येतात. कागदापासून उचललीत तर मात्र धूसर होतात, कारण ही काच नाही.

कोबल यांना या अ‍ॅल्युमिनासाठी १९६२ साली पेटंट मिळालं. तिच्या नळ्याही करता येतात. तापलेली सोडियमची वाफ क्वार्ट्झच्या काचेला खाते, अशा नळीला नाही. त्यातूनच उच्चदाबाचा सोडियम दिवा झाला. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पांढरे एलईडी लागले तेव्हा मुंबईकरांनी ज्या पिवळ्या उजेडासाठी ओरड केली, तो अशाच नळ्यांमधून येत होता.