बिशपाविना बिशपांचे चर्च



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा आहे. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च आणि त्याच्या भोवती वाढलेला समाज ह्यांच्या पहिल्या दोनशे वर्षांविषयी मी बोलणार आहे. ज्या राजाच्या नावाने एखादी संस्था उभी राहिली, त्या राजाशीच नाते तुटले तर तिने जगावे कसे, आणि जगण्यासाठी नवी घडी बसवताना तिने कोणाला आत घ्यावे, कोणाला दारात उभे करावे, हे प्रश्न ह्या इतिहासात जितक्या स्पष्टपणे दिसतात तितके क्वचितच दिसतात.

आरंभ १६०७ सालचा. व्हर्जिनियात जेम्सटाउन येथे उतरलेल्या इंग्रजांबरोबर रॉबर्ट हंट नावाचे धर्मोपदेशक होते. झाडांना बांधलेले जुने शीड हेच त्यांच्या उपासनेचे पहिले छप्पर. पुढे १६१९ साली वसाहतीची पहिली प्रतिनिधिसभा भरली तीही चर्चच्याच इमारतीत. इंग्लंडचे चर्च हाच व्हर्जिनियाचा राजमान्य धर्म ठरला आणि त्याच्या खर्चासाठी सर्व रहिवाशांवर कर बसला, मग ते कोणत्याही पंथाचे असोत.

पण ह्या चर्चच्या घडणीत एक विलक्षण उणीव राहून गेली. एपिस्कोपल ह्या शब्दाच्या मुळाशी देखरेख करणारा, म्हणजे बिशप, हा अर्थ आहे. धर्मगुरूला दीक्षा देण्याचा आणि वयात आलेल्या मुलामुलींच्या दृढीकरणाचा अधिकार केवळ बिशपाचा. आणि १६०७ पासून १७८४ पर्यंत, तब्बल १७७ वर्षे, ह्या वसाहतींत एकही अँग्लिकन बिशप नव्हता! अमेरिकेत जन्मलेल्या तरुणाला धर्मगुरू व्हावयाचे असेल तर त्याने अटलांटिक ओलांडून लंडनला जावे, दीक्षा घ्यावी आणि परत यावे. काहीजण वाटेत बुडाले, काही देवीच्या रोगाने गेले. वसाहतीत राहणाऱ्याने दृढीकरणावाचूनच आयुष्य काढावे. लंडनचा बिशप आपला प्रतिनिधी नेमत असे. व्हर्जिनियातील जेम्स ब्लेअर ह्यांनी हे काम १६८९ पासून १७४३ पर्यंत केले आणि १६९३ साली विल्यम अँड मेरी हे महाविद्यालय उभे केले. पण दीक्षा देण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता. (आपल्या मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ साली उघडले आणि मुंबईला पहिला बिशप मिळाला १८३७ साली. समुद्रापलीकडच्या आपल्या लोकांना बिशप देण्यात इंग्लंडने कुठेच घाई केलेली दिसत नाही.)

ही उणीव केवळ लंडनच्या आळसामुळे राहिली असे मात्र नव्हे. न्यू इंग्लंडमधील प्यूरिटनांना बिशप म्हणजे उमरावांच्या सभेत बसणारा, न्यायासन चालवणारा सत्ताधीश वाटे, आणि त्यांच्या वाडवडिलांचा अनुभवही तसाच होता. दक्षिणेतील अँग्लिकन जमीनदारांची अडचण वेगळी होती. बिशप आला तर आपल्या हातची सत्ता जाईल, हे ते पुरते ओळखून होते. ही सत्ता व्हेस्ट्रीची. व्हेस्ट्री म्हणजे पॅरिशचा कारभार पाहणारे बारा प्रतिष्ठित गृहस्थ. १६६२ च्या कायद्याने रिकामी जागा उरलेल्या सभासदांनीच भरावयाची असे ठरले. साहजिकच त्याच त्या घराण्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या व्हेस्ट्रीवर राहिली. कर बसवणे, गोरगरिबांना व अनाथांना पोसणे, शेतांच्या हद्दी फिरून तपासणे, धर्मगुरूची नेमणूक करणे ही सारी कामे तिचीच. जॉर्ज वॉशिंग्टन १७६२ साली ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर आले. पुढे देशाचा कारभार पाहणाऱ्या अनेकांनी कारभाराचा पहिला धडा इथे गिरवला, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या पुस्तकांत फारशी सांगितली जात नाही.

धर्मगुरूचा पगार तंबाखूत मिळे, वर्षाला १६,००० पौंड. पीक बुडून भाव चढला तेव्हा १७५८ साली विधिमंडळाने पौंडामागे दोन पेन्स रोख देऊन भागवण्याचा कायदा केला. बाजारभाव त्याच्या सुमारे तिप्पट होता. लंडनने तो कायदा रद्द केला आणि जेम्स मॉरी ह्या धर्मगुरूने थकलेल्या रकमेसाठी दावा लावला. १७६३ साली हॅनोव्हरच्या न्यायालयात प्रतिपक्षाच्या वतीने पॅट्रिक हेन्री हा तरुण वकील उभा राहिला. न्यायासनावर त्याचे वडील होते आणि त्याचा चुलता स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होता. हेन्रीच्या भाषणानंतर ज्यूरीने मॉरींना नुकसानभरपाई दिली ती एक पेनी! त्या पेनीत राजाविषयी आणि राजाच्या चर्चविषयी साचलेली चीड होती.

तंबाखूचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती तंबाखू पिकवणारे हात बहुतांशी गुलामांचे होते. बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही, असा कायदा व्हर्जिनियाने १६६७ सालीच करून ठेवला होता. ह्या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

१७७६ साल उजाडले आणि प्रार्थनापुस्तकच अडचणीचे झाले. प्रत्येक उपासनेत राजासाठी प्रार्थना होती आणि प्रत्येक धर्मगुरूने दीक्षेच्या वेळी राजनिष्ठेची शपथ घेतली होती. फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चने ४ जुलै रोजीच राजाचे नाव प्रार्थनेतून काढले. तेथील धर्मगुरू जेकब डुशे ह्यांनीच पुढच्या वर्षी वॉशिंग्टनना पत्र लिहून स्वातंत्र्याचा नाद सोडा असे विनवले आणि इंग्लंडची वाट धरली. मेरीलँडचे जोनाथन बाउचर भरलेली पिस्तुले जवळ ठेवून प्रवचन करीत. १७७५ साली तेही गेले. अशांना केवळ भित्रे वा देशद्रोही म्हणून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. शपथ ही त्यांच्या लेखी कागदाची बाब नव्हती.

राजा गेला तसा राजाश्रयही गेला. जुन्या इतिहासकारांच्या मोजणीप्रमाणे युद्धाच्या आरंभी व्हर्जिनियात ९१ धर्मगुरू होते, अखेरीस उरले २८. जेफरसन ह्यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ साली संमत झाला, आणि १८०२ साली चर्चला नेमून दिलेल्या शेतजमिनी, आपण ज्यांना इनामे म्हणू त्या, विकण्याचा कायदा झाला. बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन मंडळींना ह्यात न्याय दिसला, आणि तो होताही. त्यांनी दुसऱ्यांच्या चर्चसाठी वर्षानुवर्षे कर भरला होता.

मग वाट कोणी काढली? दोघांनी, आणि दोन दिशांनी. फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट क्रांतीच्या बाजूचे, मवाळ प्रकृतीचे. बिशप मिळेपर्यंत खोळंबून न राहता धर्मगुरू आणि सामान्य सभासद ह्यांनी मिळून चर्चची घडी बसवावी, असे त्यांनी १७८२ च्या आपल्या पुस्तिकेत मांडले. कनेटिकटच्या धर्मगुरूंना हे मान्य नव्हते. आधी बिशप, मग बाकीचे! १७८३ साली वुडबरी येथे त्यांच्यापैकी दहाजण जमले आणि सॅम्युएल सीबरी ह्यांना इंग्लंडला पाठवण्याचे ठरले. सीबरी युद्धात राजाच्या बाजूचे; त्यांच्या राजनिष्ठ पत्रकांना तरुण अलेक्झांडर हॅमिल्टनने उत्तरे दिली होती. पण लंडनमध्ये कायदा आडवा आला. राजनिष्ठेची शपथ घेतल्यावाचून अभिषेक नाही, आणि परक्या देशाच्या नागरिकाला ती घेता येईना. अखेर ते स्कॉटलंडला गेले. तेथील एपिस्कोपल चर्च हॅनोव्हर घराण्याची शपथ नाकारल्यामुळे स्वतःच कायद्याच्या जाचाखाली होते. १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीन येथे एका घराच्या माडीवरील प्रार्थनागृहात तीन स्कॉटिश बिशपांनी सीबरींना अभिषेक केला. राजाश्रय गमावलेल्या एका चर्चला दुसऱ्या राजाश्रयहीन चर्चने हात दिला. त्यानंतर इंग्लंडला जाग आली. पार्लमेंटने शपथेची अट सोडणारा कायदा केला आणि ४ फेब्रुवारी १७८७ रोजी लँबेथ येथे व्हाइट आणि न्यूयॉर्कचे प्रोव्होस्ट ह्यांना अभिषेक झाला. १७८९ साली फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात दोन्ही पक्ष एक झाले. नवी घटना, नवे प्रार्थनापुस्तक आले. त्यातील प्रभुभोजनाच्या प्रार्थनेवर स्कॉटलंडची छाप राहिली, आणि चर्चच्या सभागृहात सामान्य सभासदांचे मत मोजले जाऊ लागले. बिशपावाचून काढलेली वर्षे आणि व्हेस्ट्रीची सवय अशी उपयोगी पडली.

परंतु सामान्य सभासद म्हणजे कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच शहरात लवकरच द्यावे लागले. ॲब्सलम जोन्स हे १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. स्वतः वाचायला शिकले, दिवसा मालकाच्या दुकानात आणि रात्री स्वतःसाठी राबले. आधी त्यांनी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले, कारण मुले आईच्या दर्जाने गुलाम वा मुक्त ठरत. स्वतःचे स्वातंत्र्य त्यांना १७८४ साली मिळाले. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज ह्या मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना त्यांना ओढून उठवले गेले, आणि सारे कृष्णवर्णीय उपासक एकत्र बाहेर पडले. १७९३ साली शहरात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसे दगावली. कृष्णवर्णीयांना हा ज्वर होत नाही, अशी डॉक्टर बेंजामिन रश ह्यांची समजूत होती. ती खोटी ठरली. जोन्स आणि त्यांचे मित्र रिचर्ड ॲलन ह्यांच्या मंडळींनी रुग्णांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली, आणि त्यांच्यातलेही अनेक मेले. एवढे करून प्रकाशक मॅथ्यू केरी ह्यांनी त्यांच्यातील काहींवर पैसे उकळल्याचा आरोप केला. जोन्स व ॲलन ह्यांनी १७९४ साली जमाखर्चासह त्याला छापील उत्तर दिले.

त्याच वर्षी जुलैत त्यांचे चर्च उघडले. ॲलन मेथडिस्टच राहिले. बहुसंख्यांनी एपिस्कोपल चर्चमध्ये जावयाचे ठरवले, पण तीन अटींवर: आम्हांला संघटित मंडळी म्हणून घ्यावे, आमचा कारभार आमच्या हाती राहावा, आणि जोन्स पात्र ठरल्यास त्यांना दीक्षा मिळावी. व्हाइट ह्यांच्या प्रांताने त्या मान्य केल्या आणि सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च सभासद झाले. १७९५ साली जोन्स डीकन झाले, पुढे धर्मगुरू. ह्या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू. ग्रीक व लॅटिनची अट त्यांच्यासाठी शिथिल केली गेली, पण त्या सवलतीची किंमत ठरली होती. प्रांताच्या अधिवेशनात ह्या मंडळीने प्रतिनिधी पाठवू नये.

सामान्य सभासदांना मत देणारे अधिवेशन उभारणाऱ्यांनीच ही अट घातली. जोन्स ह्यांनी काँग्रेसकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज केले, १ जानेवारी १८०८ रोजी गुलामांच्या आयातीवर बंदी आली तेव्हा आभारप्रदर्शनाचे प्रवचन केले, ते छापूनही निघाले. १८१८ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या चर्चला अधिवेशनात जागा नव्हती. ती मिळाली यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी.