कुलवृत्तान्तातील एक रिकामी जागा

कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार आपल्याकडे वाङ्मयाच्या चर्चेत क्वचितच येतो. घराच्या कपाटात तो असतो, लग्नकार्याच्या वेळी गोत्र आणि शाखा पाहण्यापुरता उघडला जातो आणि पुन्हा जागेवर जातो. आमच्या घरातील प्रतीची गतही अशीच होती. काही वर्षांपूर्वी एका निमित्ताने ती सावकाश वाचत असता पणजोबांच्या नोंदीत एका वाक्याशी आम्ही अडखळलो. मूळ पुरुषापासून आठवी पिढी, जन्मशक, वास्तव्याची गावे, व्यवसाय एवढे सांगून झाल्यावर लिहिले होते की विवाह दोन. प्रथम कुटुंब निपुत्रिक वारले. पुढे आमच्या पणजीचे नाव, माहेरचे आडनाव आणि पाच अपत्ये.

येथे 'कुटुंब' म्हणजे पत्नी, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको. शब्द नपुंसकलिंगी, म्हणून क्रियापदही 'वारले'. एका माणसाविषयीच्या या वाक्यात नाव नाही, वय नाही, साल नाही आणि व्याकरणाने लिंगही नाही. संपादकांवर रोष धरण्यात अर्थ नव्हता. वंश पुढे कसा गेला हे सांगण्यासाठी तो ग्रंथ रचलेला. जिच्यापासून वंश पुढे गेला नाही तिला त्यात जागा कोठली? तरीही हे वाक्य आमच्या मनातून जाईना. ती कोण होती, निदान तिचे नाव काय होते, एवढे तरी शोधावे असे आम्ही ठरविले.

प्रथम नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही आपल्या समाजाची मोठी स्मृतिशाळा आहे. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया अशा क्षेत्री आडनाव आणि मूळ गाव सांगितले की तुमचे उपाध्ये कोण ते ठरते, आणि लांबट वहीत तुमचे पूर्वज भेटतात. विशेष हा की पुष्कळदा यजमानाने स्वहस्ते लिहिलेले असते. आपले नाव, बापाचे, आजाचे, बंधूंची, पुत्रांची नावे, आणि येण्याचे प्रयोजन. वंशावळी पुष्कळ ठिकाणी मिळतात. पूर्वजाचे हस्ताक्षर मिळण्याची जागा बहुधा हीच.

पणजोबांचा लेख सापडला. शके १८१५, विजयनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. मोडीतले अक्षर दाट, पण स्वच्छ. वडिलांचे नाव होते, हयात आजोबांचे होते, तीन बंधूंची आणि एका पुतण्याचीही होती. मातुश्री बरोबर आल्या होत्या, त्यांचेही नाव होते. आणि शेवटी प्रयोजन : कुटुंबाच्या अस्थी घेऊन रामकुंडी आलो. पुन्हा कुटुंबच! पंचवीस वर्षांचा तरुण पत्नीच्या अस्थी घेऊन येतो, सर्व घराण्याची नावे लिहितो आणि जिच्यासाठी आला तिचे लिहीत नाही. याचा अर्थ त्यास दुःख नव्हते असा काढण्याचा मोह प्रथम झाला. पण तो आजच्या मनाचा मोह. पतीने पत्नीचे नाव चारचौघांत उच्चारू नये, असा त्या काळचा संकोच. उखाण्यात ते घ्यावयाचे, कागदावर नाही. शिवाय वही होती उपाध्यायांच्या वृत्तीची. पुढल्या पिढीतील यजमान ओळखता यावा, हा तिचा हेतू. आणि पुढला यजमान पुत्रांच्या नावावरून ओळखावयाचा.

एक मात्र हाती लागले, ते म्हणजे साल. शके १८१५ चा मार्गशीर्ष म्हणजे १८९३ चा डिसेंबर.

सरकारी कागदांचा विचार करताना कोणाही मराठी माणसास आधी पुण्याचे पेशवे दफ्तर आठवते. १८९१ साली उभारलेल्या त्या दगडी इमारतीत रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून ४५ खंड छापले, ते या सागरातील ओंजळभर पाणी. आमच्या घराण्यास एका देवस्थानच्या इनामाचा लहानसा अंश होता, म्हणून तेथेही दोन दिवस घालविले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क कागदाने सिद्ध करावा लागला. कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी जोडल्या गेल्या. आज ज्यांना आपण घराण्यांचे इतिहास म्हणतो त्यांतील कित्येक अशा रीतीने, जमीन जाईल या धास्तीपोटी लिहिले गेले आहेत. भीतीने स्मृती तीक्ष्ण होते, पण ती हक्कापुरतीच.

या कागदांवर बसावयाचे तर मोडी यावी लागते. तीत र्‍हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि कालगणना तर वाचकाची परीक्षाच पाहते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. अर्थात शुहूर सन ११६१, म्हणजे इसवी १७६०-६१, पानिपताचे साल. वर्ष सौर, मृग नक्षत्रापासून सुरू होणारे. महिने मात्र चांद्र, हिजरी. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की मोडी ही केवळ इतिहासकारांची मिरास मानू नका. मराठी गद्य शेकडो वर्षे या लिपीत नांदले, आणि १९५० च्या सुमारास ती शाळांतून गेल्यापासून आपण आपल्याच पणजोबांच्या पत्रांपुढे निरक्षर झालो आहो.

दफ्तरात आमच्या घराण्याची सहा पिढ्यांची वंशावळ मिळाली. तीत स्त्री एकही नव्हती.

मग तहसील कचेरी. गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद गाव नमुना क्रमांक १४ मध्ये असे. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. या वह्या दीर्घकाळ कोणी उघडल्या नव्हत्या. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा एकाएकी त्यांना मोल आले, आणि मोडी वाचणाऱ्यांनाही. पूर्वजाच्या नावापुढील एका शब्दावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असू शकते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. वंशेतिहास हा निवृत्तांचा विरंगुळा नव्हे, हे याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे?

आमच्या गावची वही जीर्ण, कडा झडलेल्या. १८९३ चा नोव्हेंबर उघडला. मृताचे नाव या रकान्यात पणजोबांचे नाव, आडनाव आणि पुढे 'याची बायको'. वय १९. कारण, ताप. त्या काळी पटकी, देवी यांना स्वतंत्र रकाने असत. उरलेले बहुतेक सारे मरण तापाच्या रकान्यात जाई. बाळंतपणातले दुखणेही त्यात असू शकते. यापलीकडे त्या ओळीत काही नव्हते.

एवढ्या भटकंतीनंतर आमच्यापाशी वय, महिना आणि एक संदिग्ध रोग जमा झाला होता. नाव नव्हते. आम्ही जे जे कागद पाहिले ते ते कोणाला तरी काही हवे होते म्हणून लिहिले गेले. उपाध्यायांना दक्षिणा, इनामदाराला जमीन, सरकारला मृत्यूंची संख्या. त्या हव्याशा वस्तूच्या वाटेवर जो उभा होता त्याचे नाव राहिले. ही मुलगी कोणाच्याच वाटेत नव्हती.

आमचे मूळ गाव अलिबागपासून फार दूर नाही. परतताना आम्ही नवगावास गेलो. तेथे किनाऱ्यानजीक बेने इस्राएलांचे प्राचीन दफनस्थान आहे. परंपरा सांगते की या किनाऱ्यालगत त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि वाहून आलेली प्रेते येथे पुरली गेली. या कथेचा काळ निश्चित करणे कठीण. पण एवढे खरे की तेलाचे घाणे चालविणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून 'शनवार तेली' म्हटली गेलेली ही माणसे मराठी बोलत वाढली, आणि त्यांनी गावांचीच आडनावे घेतली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमचे केहीमकर. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. १९४८ नंतर बहुसंख्य समाज इस्राएलला गेला. पण तिकडच्या नातवाला आपले गाव शोधावयाचे तर आडनाव हाच नकाशा आहे, आणि गावी पोचल्यावर दगड आहेत. या समाजाच्या पुढील काळातील दफनभूमींत हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत कोरलेले लेख आढळतात. स्त्रीच्या थडग्यावर स्त्रीचे नाव असते, कारण तेथे पुरलेली ती आहे. तिचा पती, तिचे पुत्र हे त्या नावाच्या आधाराने येतात. आमच्या सर्व कागदांत जो क्रम होता त्याच्या हा नेमका उलट.

दहन करणाऱ्या आम्हा लोकांपाशी असा दगड नाही. संन्याशांची समाधी असते, लढाईत पडलेल्याचा वीरगळ, सती गेलेलीची शिळा. तापाने गेलेल्या सुनेचे काही नसते. पाणी तिला घेऊन जाते, आणि ते वाईट आहे असेही आम्ही म्हणणार नाही.

येथे एक अपवाद स्मरणात येतो. कल्याणला १८६५ साली जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली, १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, पुण्यात वारली. गोपाळरावांनी तिची रक्षा थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. तेथे दगड आहे. त्यावर आनंदीबाई जोशी हे नाव, पदवी, साले, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा आशयाचा उल्लेख आहे. काशीबाई कानिटकरांपासून अंजली कीर्तने यांच्यापर्यंत चरित्रकारांनी तिचे आयुष्य उजेडात ठेवले. पण त्या दगडासमोर उभे राहून पाहिले तर कळते की दगडालाही लिहिणारा असतो. जात आली, देश आला. यमुना आली नाही, आणि चौदाव्या वर्षी झालेले व दहा दिवसांत गेलेले मूलही आले नाही. दगड नाव राखतो, पण कोणते नाव राखावे हे मागे उरलेले ठरवितात.

आमच्या शोधाचा शेवट घरीच झाला, आणि तो आम्हांस लाजविणारा आहे. एका वृद्ध आत्याबाईंना ही सारी हकिकत सांगत असता त्यांनी सहज विचारले, "अरे, दादांची पक्षाची यादी पाहिलीस का?" दादा म्हणजे आमचे आजोबा. महालयाच्या वेळी पितरांची नावे गोत्रासह उच्चारावयाची असतात. पिता, पितामह, प्रपितामह; माता, पितामही, प्रपितामही; आणि त्याच क्रमात पुढे सापत्नमाता. वडिलांची पहिली पत्नी ही आजोबांची सापत्नमाता. त्यांनी तिला पाहिलेही नव्हते. ती गेली तेव्हा त्यांचा जन्म व्हावयास बारा वर्षे होती. तरी दरसाल भाद्रपदाच्या वद्य पक्षात तिचे नाव घेऊन त्यांनी तिला तिलोदक दिले असणार. आत्याबाईंनी ते ऐकलेले होते. नाव मात्र त्यांना आठवेना. संस्कृत मंत्रात, विभक्ती लागून, भराभर उच्चारलेले एक नाव. लहानपणी माजघरातून ऐकलेले.

ती यादी एका पोथीत दुमडून ठेवलेली असे. आजोबांच्या पश्चात पोथ्या एका संस्थेस दिल्या, सुटे कागद रद्दीत गेले. ते आम्हीच बांधले होते. मोडी दफ्तरे धुंडाळणाऱ्या आमच्यासारख्याला तेव्हा त्या चिठोऱ्यांत इतिहास दिसला नाही, कारण ते देवनागरीत होते, शाईच्या पेनाने लिहिलेले होते, आणि आजोबांचे होते.

म्हणजे नव्वद वर्षांपर्यंत ते नाव हरवलेले नव्हतेच. ज्या परंपरेने कागदावर तिला 'कुटुंब' केले त्याच परंपरेने तोंडी तिला जपले होते, आणि कोणताही हक्क तिच्याकडून मिळावयाचा नसता जपले होते. जेथे ते संपले ती जागा आमची पिढी होती. वर्षानुवर्षे उपाध्ये, इनामदार आणि कारकून यांच्या हेतूंविषयी आम्ही जे बोलत होतो, ते यानंतर थोड्या हलक्या आवाजात बोलावे असे वाटू लागले.

कुलवृत्तान्ताच्या आमच्या प्रतीत आता त्या वाक्याच्या समासात आम्ही शाईने नोंद केली आहे : जन्म सुमारे १८७४, मृत्यू नोव्हेंबर १८९३, वय १९, ताप, अस्थिविसर्जन रामकुंड, नाशिक. आरंभी नावापुरती जागा सोडली आहे. आत्याबाईंना कधी आठवले तर तेथे लिहावयाचे आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी पोथीत दुमडलेली अशी यादी असेल, तर तिची एक प्रत आजच करून ठेवावी, एवढीच विनंती.