वृषणातील अर्बुदे : निदान

वृषणात उद्भवणाऱ्या गाठी. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के जननपेशींपासून होतात. सेमिनोमा व नॉन-सेमिनोमा हे दोन मुख्य गट. भारतात वृषणाचा कर्करोग विरळ, पण तो प्रामुख्याने १५ ते ४० या वयात होतो आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतील पुष्कळ कामगार याच वयाचे आहेत. लहानपणी खाली न उतरलेले वृषण हे जोखमीचे ठळक कारण.

गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते. कधी यंत्राचा वा दुचाकीचा मार लागल्यावर हात तिथे जातो, आधीचीच गाठ सापडते. दोष मात्र माराला दिला जातो. हायड्रोसीलमधून (वृषणाभोवती साचलेल्या पाण्यातून) विजेरीचा प्रकाश आरपार दिसतो, भरीव गाठीतून नाही. परंतु अर्बुदाभोवतीही पाणी साचू शकते, तेव्हा विजेरीवर भागवू नये, सोनोग्राफी हवीच. ती पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही होते.

अर्बुदाशी गल्लत होणाऱ्या विकारांत सर्वांत फसवा अधिवृषणाचा (एपिडिडिमिसचा) दाह. ताप, लघवीची जळजळ असते. प्रतिजैविकांनी सूज न ओसरल्यास सोनोग्राफी पुन्हा करावी. आपल्याकडे क्षयाची गाठही विसरू नये. एपिडर्मॉइड सिस्टमध्ये कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलये दिसतात. साठीनंतर लिम्फोमाचा विचार करावा.

रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच ही अर्बुददर्शके तपासतात. निव्वळ सेमिनोमात एएफपी वाढत नाही. तिन्ही पातळ्या प्राकृत असल्या तरी कर्करोग असू शकतो. अंडकोशातून सुई घालून तुकडा काढणे टाळतात. जांघेतून छेद घेऊन वृषण काढतात आणि त्याच्या सूक्ष्मदर्शी तपासणीतून प्रकार निश्चित होतो.